सांगाड्याला पाच गुण

फोक्सवॅगन बीटलची बॉडी उतरवणं हे चार माणसांचं काम आहे. कडेकडेने लावलेले बोल्ट सोडवायचे, स्टेअरिंगची दांडी, पेट्रोलचा पाइप आणि वायरी मोकळ्या करायच्या आणि चौघांनी चार कोपरे धरून तो गोल पाठीचा पत्रा सरळ वर उचलायचा. खाली उरतो तो मधोमध कणा असलेला सपाट तळ. त्याला चार चाकं आहेत, ब्रेक आहेत, मध्ये गिअरचा दांडा आणि मागे इंजिन. पेट्रोलची टाकी तेवढी बॉडीबरोबर गेलेली असते. तिची सोय केली आणि एखादी खुर्ची बोल्टने आवळली, तर हा तळ चालवताही येतो. दारं, काचा, छप्पर, बॉनेट हे सगळं बाजूला पडलेलं असतं आणि गाडी मात्र जागच्या जागी उभी असते.

1960 च्या दशकात कॅलिफोर्नियात ब्रूस मायर्स या नौका बांधणाऱ्या कारागिराने बीटलच्या या गुणाचा फायदा घेतला. त्याने फायबरग्लासची एक उघडी, हलकी बॉडी तयार केली आणि तिला 'मायर्स मँक्स' असं नाव दिलं. सुरुवातीच्या मोजक्या गाड्यांनंतर त्याने सोपा मार्ग धरला. बीटलचा तळ मधून सव्वाचौदा इंच कापायचा, पुन्हा जोडायचा आणि त्यावर ही बॉडी बसवायची. वाळूत पळणारी बीच बग्गी जगभर गेली ती याच रूपात. ब्रिटनमध्येही लवकरच तशाच बॉड्या निघू लागल्या.

आता समजा, 1966 सालची एक बीटल आहे. तिची बॉडी गंजून गेली म्हणून मालकाने बग्गीची बॉडी चढवली. ही गाडी 1966 ची बीटल राहिली, की आज जन्मलेली नवी गाडी झाली? जुना नंबर तिला लावायचा की नवा? तिचं पासिंग नव्याने करायचं का? आणि तळ सव्वाचौदा इंच कापला असेल, तर उत्तर बदलतं का? या प्रश्नांची सगळ्यांत सविस्तर उत्तरं ब्रिटनने शोधली. घरच्या गॅरेजमध्ये गाडी बांधण्याची हौस तिथे जितकी खोल रुजली, तितकी फार थोड्या देशांत रुजली असेल.

या हौसेचं मूळ जुन्या व्यवहारात आहे. मोटारींच्या पहिल्या काही दशकांत चासी आणि बॉडी या दोन वेगळ्या वस्तू होत्या आणि त्या बहुधा दोन वेगळ्या दुकानांतून येत. रोल्स-रॉइस कंपनी इंजिन लावलेली चासी विकायची. तिच्यावर बॉडी चढवायची ती बार्कर, हूपर, मलिनर अशा पेढ्यांनी. हिंदुस्थानातल्या संस्थानिकांच्या गाड्याही अशाच घडत. एकाच चासीवर हिवाळ्यात बंद आणि उन्हाळ्यात उघडी बॉडी चढवून घेणारे शौकीन होते. तेव्हा बॉडी बदलली म्हणून गाडी बदलली, असं कोणाच्याही मनात येत नसे.

हा व्यवहार आपल्याकडे अजून जिवंत आहे, फक्त तो मोटारींत दिसत नाही. एसटी महामंडळाच्या दापोडी, चिकलठाणा आणि हिंगण्याच्या कार्यशाळांत टाटा आणि अशोक लेलँडच्या नुसत्या चासी येतात आणि बाहेर पडते ती लाल बस. महामंडळाने जुन्या अ‍ॅल्युमिनियम बॉड्या उतरवून त्याच चासींवर पोलादी बॉड्याही चढवल्या आहेत. महामार्गावर डोक्याला टॉवेल गुंडाळून, नुसत्या फळीवर बसून उघडी चासी हाकत निघालेला ड्रायव्हर आपण सगळ्यांनी पाहिलेला असतो. भारताच्या मोटार वाहन नियमांतही या चासीची दखल आहे. बॉडी बांधून होईपर्यंत तिला तात्पुरती नोंदणी मिळते आणि कार्यशाळेत काम लांबलं तर मुदत वाढवून मिळते.

ब्रिटनमध्ये 1950 च्या दशकात सामान्य माणसाने हीच युक्ती वापरली. ऑस्टिन सेव्हन ही 1922 ते 1939 या काळातली स्वस्त, छोटी गाडी. तिच्या बॉडीचा भुगा झाला तरी चासी टिकून असे. 1172 सीसी इंजिनाच्या जुन्या फोर्डचंही तसंच. अशा गाड्या भंगारच्या भावात मिळत आणि फायबरग्लासची बॉडी घरपोच मागवता येई. लोटस कंपनीचा संस्थापक कॉलिन चॅपमन याने 1948 मध्ये बांधलेली पहिली गाडी ऑस्टिन सेव्हनवरच उभी होती. 1957 ची लोटस सेव्हन सुट्या भागांत, म्हणजे किट म्हणून विकली जायची, कारण तयार गाडीवर लागणारा खरेदी कर सुट्या भागांवर लागत नसे. जोडणीची सूचनापुस्तिका दिली तर कर लागू होई, म्हणून कंपनी गाडी सुटी कशी करावी याची पुस्तिका देई आणि गिऱ्हाईक ती शेवटच्या पानापासून वाचे, अशी गोष्ट त्या मंडळींत आवर्जून सांगतात. 1973 मध्ये खरेदी कर जाऊन मूल्यवर्धित कर आला आणि ही सवलत संपली. हौस संपली नाही.

तोवर मोटारीची रचनाच बदलली होती. बहुतेक गाड्यांत वेगळी चासी उरली नव्हती. तळ, खांब, छप्पर आणि चाकांवरचे कप्पे एकत्र वेल्ड करून एकच पेटी बनवायची आणि त्या पेटीनेच सगळा भार पेलायचा, ही मोनोकॉक पद्धत रूढ झाली. ती हलकी आणि मजबूत असते, स्वस्तही पडते. बॉडी बदलणाऱ्याची मात्र तिने पंचाईत केली. मोनोकॉकची बॉडी उतरवली तर खाली काहीच उरत नाही. म्हणूनच बीटल, ट्रायम्फ हेराल्ड आणि स्पिटफायर, सिट्रोएन टूसीव्ही या वेगळा सांगाडा राखलेल्या गाड्या पुढची कितीतरी वर्षं किट बनवणाऱ्यांच्या लाडक्या राहिल्या.

कायद्यापुढे प्रश्न होता तो ओळखीचा. ब्रिटनमध्ये गाडीची नोंदणी स्वॉन्सीचं डीव्हीएलए हे एकच मध्यवर्ती कार्यालय पाहतं. तिथे नंबरवरून गाडीचं वय कळतं. 1963 पासून एका अक्षराने आणि 2001 पासून दोन आकड्यांनी ते दाखवलं जातं. म्हणजे नंबर हा गाडीचा जन्मदाखलाच आहे. वेगवेगळ्या गाड्यांचे भाग एकत्र आले, तर हा दाखला कोणत्या भागाकडे जायचा?

डीव्हीएलएने त्यासाठी चक्क गुणपत्रिका केली. मूळ, न कापलेल्या चासीला किंवा मोनोकॉकला 5 गुण. सस्पेन्शन, दोन्ही अ‍ॅक्सल, गिअरबॉक्ससह ट्रान्समिशन आणि स्टेअरिंग यांना प्रत्येकी 2. इंजिनाला 1. एकूण 14. पैकी 8 गुण मूळ गाडीचे असतील आणि त्यांत चासीचे 5 असतील, तर जुना नंबर कायम. कमी पडले किंवा चासीला कटर लागला, तर गाडीची नव्याने तपासणी.

या तक्त्यात बाहेरच्या पत्र्याला एकही गुण नाही. रस्त्यावरच्या माणसाला गाडी ओळखू येते ती पत्र्यावरून, पण कायद्याने तो शून्य धरला. मला हे फार शहाणपणाचं वाटतं. पत्रा ठोकर लागून बदलतो, गंजून बदलतो, हौसेने बदलतो. इंजिनाला एकच गुण, हेही विचारपूर्वक केलेलं आहे. इंजिन गाडीच्या आयुष्यात एकदा तरी उतरतं आणि कधीकधी दुसरंच चढतं. आपल्या आरसी बुकात चासी नंबर आणि इंजिन नंबर शेजारी शेजारी छापलेले असतात, त्यामुळे दोन्ही सारख्याच मोलाचे वाटतात. स्वॉन्सीच्या हिशोबात त्यांच्यात पाचास एक असं अंतर होतं.

किट चढवलेल्या गाडीसाठी याच तत्त्वाच्या तीन वाटा होत्या. चासी मूळची, न कापलेली आणि सोबत आणखी दोन मोठे भाग त्याच गाडीचे असतील, तर जुना नंबर राहायचा. न कापलेल्या तळावरची बग्गी यात बसायची. किट कंपनीची नवी चासी घेतली किंवा जुनी चासी कापली, पण दोन मोठे भाग एकाच मूळ गाडीतून आणले, तर तपासणी द्यायची आणि त्या मूळ गाडीच्या वयाचा दुसरा नंबर घ्यायचा. सव्वाचौदा इंच कापलेली बग्गी इथे यायची. फोर्ड सिएरा किंवा माझदा एमएक्स-फाइव्हचे भाग नव्या नळीच्या सांगाड्यात घालून केलेल्या असंख्य गाड्याही इथेच यायच्या. आणि भाग दहा ठिकाणचे, वय कळत नाही, कागद नाहीत, अशा गाडीला 'क्यू' अक्षराने सुरू होणारा नंबर. 1983 पासून हे अक्षर ओळख किंवा वय नक्की नसलेल्या गाड्यांसाठी राखलेलं आहे. क्यू नंबरच्या गाडीवर हौसेचा खास नंबर लावता येत नाही आणि विकताना भावही पडतो. ब्रिटनमध्ये गाडीला तिच्या वयापेक्षा जुनी दाखवणारा नंबर चालतो, नवी दाखवणारा चालत नाही. त्यामुळे क्यू मिळालेला माणूस त्यातून सहजासहजी सुटत नाही.

एवढी कडक शिस्त कशासाठी? चोरी रोखण्यासाठी. चोरलेल्या गाडीचा चासी नंबर खोडायचा, अपघातात चिरडलेल्या तशाच गाडीचे कागद विकत घ्यायचे आणि तो नंबर चोरीच्या गाडीवर ठोकायचा, हा धंदा सगळीकडे चालतो. दोन अपघातग्रस्त गाड्यांचे धड अर्धे जोडून एक गाडी विकणं हा त्याचाच जास्त जीवघेणा भाऊ. कागद आणि लोखंड यांचं नातं एकदा सैल झालं की प्रामाणिक किटवाल्याच्या आडून चोरही सुटतो. गुणपत्रिका हे नातं आवळून धरत होती.

ओळखीचा हा प्रश्न एकदा लंडनच्या न्यायालयातही गेला. 'ओल्ड नंबर वन' या नावाने प्रसिद्ध असलेल्या बेंटली स्पीड सिक्सने 1929 आणि 1930 अशी लागोपाठ दोन वर्षं ल माँची चोवीस तासांची शर्यत जिंकली होती. नंतर तिच्यात शर्यतींसाठी बदल होत गेले. 1932 मध्ये ब्रुकलँड्सच्या शर्यतीत ती तिरक्या वळणावरून बाहेर फेकली गेली आणि चालक क्लाइव्ह डन्फी ठार झाला. त्यानंतर ती बंद बॉडीची गाडी म्हणून पुन्हा उभी राहिली आणि पुढे तिच्यावर आणखी नव्या बॉड्या चढल्या. अखेर एका कंपनीने ती एक कोटी पौंडांना घेण्याचा करार केला आणि मग ही खरी ओल्ड नंबर वन नव्हेच, म्हणून माघार घेतली. 1990 मध्ये न्यायमूर्ती ऑटन यांनी गाडीचा भाग अन् भाग तपासला. 1929 च्या गाडीतलं जवळजवळ काहीच उरलं नव्हतं. 1930 मधले पेडलचा दांडा, गिअरबॉक्सचं कवच आणि स्टेअरिंगचा खांब एवढेच काय ते भाग. चासी 1932 च्या रूपातली. तरीही त्यांनी निकाल विक्रेत्याच्या बाजूने दिला. ही गाडी कधीच मोडीत निघून दुसरी जन्मली नव्हती, एका रूपातून दुसऱ्या रूपात तिचा प्रवास अखंड होता, म्हणून तिला ते नाव सांगण्याचा हक्क आहे, असं त्यांचं म्हणणं. डीव्हीएलएने भाग मोजले, न्यायमूर्तींनी इतिहासाची सलगता मोजली. रोज हजारो अर्ज हाताळणाऱ्या कार्यालयाला दुसरी पद्धत परवडणार नाही, हे उघड आहे. पण खरं सांगायचं तर जुन्या गाडीला न्याय मिळतो तो न्यायमूर्तींच्याच पद्धतीने.

आता तपासणीकडे वळू. घरी बांधलेल्या मोटारींसाठी ब्रिटनमध्ये 1998 पासून एसव्हीए ही परीक्षा होती. 2009 मध्ये तिची जागा आयव्हीएने, म्हणजे एकेका वाहनाच्या स्वतंत्र मंजुरीने घेतली. मोठा कारखाना एका नमुन्याची मंजुरी घेतो आणि मग लाखो गाड्या काढतो. इथे प्रत्येक गाडी हाच नमुना. सरकारी केंद्रात एक निरीक्षक एका गाडीसमोर कित्येक तास काढतो.

त्याच्या हातातल्या साधनांत 100 मिलिमीटर व्यासाचा एक गोळा असतो. हा गोळा गाडीच्या बाहेरच्या अंगावर जिथे जिथे टेकू शकतो, तिथली प्रत्येक कडा किमान अडीच मिलिमीटर त्रिज्येने गोल हवी. रस्त्यावरच्या माणसाला धक्का बसला तर त्याचं अंग जिथे लागेल तिथे धार असू नये, हा हेतू. लोटस सेव्हनच्या धाटणीच्या गाडीत पुढची चाकं उघडी असतात. त्यांच्या सस्पेन्शनचे दांडे, त्यांवरचे नट, दिव्यांच्या पट्ट्या सगळं गोळ्याच्या वाटेत येतं. म्हणून परीक्षेच्या आदल्या रात्री गॅरेजमध्ये वेगळंच काम चालतं. प्रत्येक नटावर प्लास्टिकची टोपी, प्रत्येक पत्र्याच्या कडेला रबराची पट्टी, आरशाच्या दांडीला गोलाई. गाडीच्या आतही हेच. डॅशबोर्डची कडा, जुन्या धाटणीचे बाहेर आलेले खटके, हँडब्रेकचं टोक, जिथे डोकं किंवा गुडघा आदळेल ते सगळं तपासलं जातं. चकचकीत लाकडी स्टेअरिंग काढून परीक्षेपुरतं मऊ गादीचं स्टेअरिंग मित्राकडून आणणारेही पुष्कळ.

मग गाडी चालवून बघतात. वळणावर स्टेअरिंग सोडलं की ते आपोआप सरळीकडे यायला हवं. हलक्या गाडीत पुढच्या चाकांचा कल थोडा जरी चुकला तरी ते येत नाही आणि कित्येक सुंदर गाड्या इथेच नापास होतात. ब्रेक दाबल्यावर मागची चाकं पुढच्यांच्या आधी जाम होता कामा नयेत. स्पीडोमीटरने खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवता कामा नये. सायलेन्सरचा आवाज 99 डेसिबलच्या आत हवा. सीटबेल्ट ज्या लोखंडात आवळले आहेत ते खेचाला टिकेल, हे पटायला हवं. धुराची मर्यादा इंजिनाच्या वयावर ठरते, म्हणून इंजिनाच्या वयाचा कागद सोन्याच्या मोलाचा. पास झाल्यावर मंजुरीचा दाखला मिळतो. मग तो दाखला, पावत्या, बांधकामाचे फोटो आणि मूळ गाडीची कागदपत्रं डीव्हीएलएकडे जातात.

नव्या पिढीच्या बॉडी बदलणाऱ्यांना ही परीक्षा टाळावीशी वाटली, यात नवल नाही. बीएमडब्ल्यू झेडथ्रीसारख्या गाडीवर जुन्या इटालियन गाडीच्या आकाराची फायबर बॉडी चढवणं हा अलीकडचा प्रकार त्यातूनच आला. पुढचे मडगार्ड बोल्टवर असतात. ते काढून दुसरे लावले तर मोनोकॉक तसाच राहतो. मागचा पत्रा मात्र वेल्ड केलेला असतो. तिथे ग्राइंडर चालवण्याआधी माणसाने दहादा विचार करावा, कारण कुठला पत्रा भार पेलतो आणि कुठला नुसता शोभेचा, हे बाहेरून कळत नाही. दाराखालचा उंबरा कापला तर गाडी मधून वाकते. किटवाल्याने 'परीक्षा लागत नाही' असं सांगितलं, तरी जबाबदारी आरसी ज्याच्या नावावर त्याची. परीक्षा लागो न लागो, बदललेला आकार डीव्हीएलएला आणि विमा कंपनीला कळवावाच लागतो.

जुन्या गाडीवर बॉडी बदलण्याला आणखी एक पदर आहे. ब्रिटनमध्ये चाळीस वर्षं उलटलेल्या गाडीला रस्ता कर माफ होतो आणि मे 2018 पासून वार्षिक एमओटी तपासणीही. पण तिच्यात गेल्या तीस वर्षांत मूलभूत बदल झालेला नसेल तरच एमओटीची माफी. ही अट योग्य आहे. चाळीस वर्षं रस्त्यावर पारखलेल्या गाडीवरचा विश्वास, काल रात्री जोडलेल्या गाडीला उसना देता येत नाही.

या सगळ्या नियमांवर जुन्या गाड्यांच्या क्लबांची वर्षानुवर्षं तक्रार होती. गंजलेला तळ तसाच नवा बनवून बसवला, तरी गाडी ओळख गमावण्याची भीती. 2024 मध्ये डीव्हीएलएने लोकांकडून म्हणणं मागवलं आणि 26 ऑगस्ट 2025 पासून धोरण बदललं. मुळाबरहुकूम केलेल्या दुरुस्त्या आता कळवाव्या लागत नाहीत. सांगाड्यात मोठा बदल केला किंवा गाडी विजेवर नेली तर ते कळवावं लागतं, पण मूळ नंबर आणि चासी नंबर राहू शकतो. न्यायमूर्ती ऑटन यांच्या दृष्टीच्या जवळ जाणारी ही दिशा आहे. किट घेणाऱ्याने मात्र जुन्या गुणपत्रिकेवर विसंबून पैसे भरू नयेत, ताजी माहितीपत्रिका आधी वाचावी.

भारतात ही वाट नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार कारखान्याने ठरवलेल्या तपशिलांपेक्षा गाडी वेगळी करता येत नाही आणि 9 जानेवारी 2019 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलं. 2021 मध्ये सांगली जिल्ह्यातल्या एका लोहार कारागिराने भंगारातले भाग जमवून, दुचाकीसारखी किक मारून सुरू होणारी चारचाकी बांधली. उद्योगपती आनंद महिंद्रा यांनी त्याच्या हाताला दाद दिली, ही गाडी नियमांत बसत नसल्याने केव्हा ना केव्हा रोखली जाईल हेही सांगितलं आणि बदल्यात नवी बोलेरो देऊ केली. ती देवघेव झाली आणि कारागिराचा मान राहिला. पण गाडी रस्त्यावरून गेली ती गेलीच.

मला वाटतं, तिला परीक्षा द्यायला मिळायला हवी होती. ती बहुधा नापासच झाली असती. पण नापास झालेल्या गाडीबरोबर चुकांची यादी मिळते, आणि ब्रेक सुधारून, कडा घासून, दिवे बदलून माणूस पुन्हा येऊ शकतो. मोठ्या कारखान्यांच्या नमुन्यांची चाचणी घेणारी एआरएआय ही संस्था पुण्यातच, वेताळ टेकडीवर आहे. ब्रेक, आवाज, धूर, सीटबेल्ट यांची मोजमापं तिथे रोज होतात. एकेका गाडीसाठी तो दरवाजा उघडायचा तर हवी एक छोटी नियमावली, हौशी माणसाला परवडेल अशी फी आणि आरटीओच्या संगणकात अशा गाडीसाठी एक वेगळा रकाना.